आज्जी, मागनं गडबड येतीय

आमच्या घरात मोबाईलला रेंज फक्त गोठ्याच्या दारात येते. बाहेरच्या सोप्यात येत नाही, चुलीपाशी येत नाही, माळ्यावर चढलं तरी येत नाही. शेजाऱ्यानं घरावर घर चढवलं आणि टॉवर त्याच्या पाठीमागं गेला. म्हशीच्या बगलेला एक दगडी उंबरा आहे, तिथं बसलं की चार माणसांशी बोलता येतं. त्यामुळं माझ्या बायकोची शाळा गोठ्यात भरली, आणि शेवटपर्यंत गोठ्यातच भरत राहिली.

खरी शाळा तिनं कधी बघितली नव्हती. तिची आई निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, मागोमाग ही पण त्याच वखारीत. लग्न होऊन माझ्या घरात आली तरी वखार सुटली नाही. तंबाखू चाळायची, धूळ गिळायची, दिवेलागणीला खोकत घरी यायची आणि चुलीपुढं बसायची. कुठं सही लागली तर अंगठा. माझी चौथी झालेली. आमच्या वेळची चौथी म्हणजे मास्तरच्या छडीची चौथी. जोडाक्षर चुकलं की हात पुढं करायचा. अजून अवघड जोडाक्षर दिसलं की माझा तळहात हुळहुळतो, मग मी ते अक्षर ओलांडून पुढच्या शब्दावर जातो. एवढंच माझं शिक्षण, आणि तेवढ्यावर मी जन्मभर बायकोला एसटीच्या पाट्या वाचून दाखवल्या.

कोरोनात शाळा बंद पडल्या तेव्हा नात पहिलीत होती. पोरगा, सून, नात सगळी तेव्हा आमच्याजवळच राहायची. गावातल्या मराठी शाळेतल्या टीचरनं पालकांचा ग्रुप काढला आणि रोज त्यात शिकवणं पाठवायला लागली. पोरानं त्यासाठी एक मोबाईल आणला. नात काही एका जागी बसायची नाही. टीचर मोबाईलमधून ‘क’ काढून दाखवायची आणि ही कोंबड्यांच्या मागं. बायको हातात मोबाईल धरून ओरडायची, "अगं ये की, तुझी टीचर आलीया, बोलायला लागलीया!" नात यायची नाही. मोबाईल बंद कसा करायचा ते बायकोला कळायचं नाही. मग ती उंबऱ्यावर बसून सगळं ऐकून घ्यायची.

एक दिवस मी वैरण टाकायला गेलो तर ही शेणानं सारवलेल्या जमिनीवर बोटानं गिरवत बसलेली.

"काय करतीयास?"

"तुमच्या नातीचा अभ्यास."

"अन नात कुठाय?"

"ती खेळतीया. म्हणून म्हटलं आपण तरी करावा. पाठवल्यालं वाया कशापायी घालवा?"

मी हसलो. ती पण हसली, पण बोट थांबवलं नाही. नंतर मला म्हणाली, "ह्या टीचरचं एक बरं हाय बघा. परत लावली की परत सांगती. कितींदा लावा, तेवढ्याच गोडीनं सांगती. कटाळत न्हाय, वराडत न्हाय. तुमच्या मास्तरासारखी न्हाय." मला ते पटलं. माझा मास्तर परत विचारलं की पहिल्यांदा कान धरायचा आणि मग सांगायचा.

पुढं शाळा उघडल्या. पोराला बेळगावच्या बाजूला कारखान्यात काम मिळालं, पिरनवाडीत त्यानं भाड्यानं घर घेतलं. नातीला इंग्लिश मिडियमला घातली. तिला नवा मोठा मोबाईल आला आणि काच फुटलेला जुना बायकोकडं राहिला. आमचं घर एकदम मोकळं झालं. मी म्हटलं आता हिची पण शाळा सुटली. पण टीचरनं ग्रुप ठेवला होता. रोज संध्याकाळी ती एक गोष्ट स्वतः लिहायची, मोठ्या अक्षरात, आणि कागदाचा फोटो पाठवायची. पोरांनी ती मोठ्यानं वाचायची आणि आवाज पाठवायचा. बायको ते पान बघायची, ओठ हलवायची, अडलं की मला हाक मारायची. पाठवायची मात्र नाही. लाजायची.

मग टीचरची बदली झाली, खानापूरच्या पलीकडं, गुंजीजवळच्या एका गावात. ज्या दिवशी ती जाणार त्या दिवशी बायकोनं वखारीत सुट्टी टाकली, धुतलेलं लुगडं नेसली आणि शाळेत गेली. मी मागनं गेलो, दारात उभा राहिलो. ही टीचरला म्हणाली, "बाई, तुमच्या नव्या पोरांत मला घाला."

टीचरला वाटलं नातीचं काहीतरी विचारतेय. "नात तर बेळगावला गेली न्हवं, आज्जी?"

"नातीचं न्हवं. माझं. मी दुसरीच्या पुस्तकापातूर आलेय. मधीच सोडून जाऊ नगा."

टीचर पोरगेलीच होती, सुनेच्या वयाची. ती आधी हसली, मग हसायची थांबली. तिथंच उभ्या उभ्या तिनं बायकोच्या फुटक्या मोबाईलवर काय काय दाबलं आणि नव्या शाळेच्या ग्रुपमध्ये तिला घातलं. घरी येताना वेशीजवळ आल्यावर बायको म्हणाली, "कुणाला सांगू नगा. हसत्याली."

त्या ग्रुपमधली पोरं जंगलाकडची. आम्ही तिकडं कधी गेलो नाही, ती पोरं इकडं कधी आली नाहीत. ती हिला ‘निपाणीची आज्जी’ म्हणायची. आमचं गाव निपाणीपासून एसटीनं अर्धा तास आहे, पण त्यांना काय. पहिल्यांदा हिनं वाचून पाठवलं तेव्हा घाम फुटला होता तिला. नंतर मात्र चटकच लागली. कुकर चढवला की मोबाईल घेऊन उंबऱ्यावर. एक एक शब्द दाताखाली धरून वाचायची, शेंगा फोडल्यासारखी. मागं म्हैस ओरडायची, घरात कुकर शिट्ट्या मारायचा, मी खोकायचो. टीचर पलीकडून सांगायची, "आज्जी, वाचन छान. पण मागनं गडबड येतीय. जरा शांत जागी बसून वाचा."

बायको मला येऊन सांगायची, "ऐकलासा? टीचर म्हणतीया मागं कोण वराडतंय. तुमचं नाव काढलं हुतं."

"मग दुसरीकडं बस की."

"रेंज तुमच्या बानं आणून ठेवलीया व्हय दुसरीकडं?"

ती गडबड काही थांबली नाही. म्हशीला सांगून कळणार नव्हतं, आणि मला सांगून उपयोग नव्हता. मला त्याच वेळेला चहा लागायचा.

शेवटची गोष्ट शेळीची होती. एक पोरगी आईबरोबर बाजाराला जाते, शेळी विकायला नेलेली असते, आणि बाजाराच्या गर्दीत दोर सुटून शेळी पळते. पानाचे दोन फोटो होते. बायको पहिलं पान वाचून दुसऱ्यावर आली आणि मी आतनं ओरडलो, "अगं ए, चहाचं बघतीस का?" ती मोबाईल तोंडापुढं धरूनच माझ्यावर खेकसली, "अवो थांबा की! हितं शेळी सुटलीया अन तुमचं चहा चहा!" आणि घाबरून बोट सुटलं. ते सगळं तसंच ग्रुपमध्ये गेलं.

पोरं इतकी हसली की विचारू नका. एकेकाचा आवाज यायला लागला, "आज्जी, आज्जाला चहा दिलासा का?" "आज्जी, शेळी गावली का?" बायको पदर तोंडाला लावून हसत होती. म्हणाली, "ऱ्हायल्यालं उद्या वाचते. आज इज्जत गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या छातीत कळ आली. रिक्षा आणली, निपाणीला पोचायच्या आत ती गेली. ह्यावर मला जास्त काही लिहायचं नाही.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन होतं. आमच्याकडं त्या दिवशी सगळे पै-पाहुणे स्मशानात येतात, रक्षा गोळा करतात आणि गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते केळीच्या पानावर मांडून लांब उभे राहतात. कावळा येऊन शिवला म्हणजे माणूस सुखानं गेलं. नाही शिवला तर काहीतरी राहिलंय. मी कावळ्यावर विश्वास ठेवत नाही. माझ्या बापाच्या वेळेला कावळा लगेच शिवला होता आणि बापाचं तर सगळंच राहिलेलं होतं.

पानावर भाकरी होती, खर्डा होता, कपात चहा होता, तिची मिशेरीची डबी होती. चिकोडीची मेहुणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, पान मांडत होती. सगळं मांडून झालं आणि तिनं कमरेच्या पिशवीतनं बायकोचा मोबाईल काढून डबीशेजारी ठेवला.

"त्यो कशाला?" पोरगा म्हणाला.

"आक्काला त्याचाच नाद हुता रं. ऱ्हाऊ दे."

आम्ही मागं सरून उभे राहिलो. एक कावळा खांबावरनं उतरला, टुणटुण उड्या मारत पानाजवळ आला, मान वाकडी करून भाकरीकडं बघितलं. तेवढ्यात मोबाईल वाजला. टुंग. कावळा मागं सरला. परत टुंग, टुंग, टुंग. शाळेला जायच्या आधी पोरं आदल्या दिवशीची वाचनं पाठवत होती. कावळा उडाला तो थेट नदीपलीकडं.

"अरं बंद करा की त्यो मोबाईल!" म्हातारी माणसं चिडली.

भाऊबंदातला एक जण हळूच म्हणाला, "कावळ्याला वाटलं आपल्यालाच मेसेज आला." दोघं तिघं तोंड फिरवून हसले. मला राग आला नाही. बायको असती तर ती पहिली हसली असती.

पोरगा मोबाईल बंद करून आला. मग परत वाट बघणं. कावळा लांब बसून बघायचा, यायचा नाही. पोरगा हात जोडून म्हणाला, "आई, आप्पास्नी मी सांभाळतो." कावळा आला नाही. मेहुणी म्हणाली, "आक्का, नातीचं लगीन थाटात करू." नाही. शेवटी मेहुणी माझ्याकडं वळली. "दाजी, तुमी बोला की. तिचं काय ऱ्हायलंय ते तुमालाच ठावं."

मला ठाऊक होतं. पण शंभर माणसांत मी कसं सांगणार होतो की शेळी बाजारात सुटलीय म्हणून? ऊन वर आलं, तेव्हा पान उचलून गाईला घातलं.

पाहुणे गेले. म्हैस शेजाऱ्याकडं सोपवून पोरगा मला पिरनवाडीला घेऊन गेला. तिथं रेंज सगळीकडं येते, मोरीतसुद्धा. नात आता मोठी झालीय. शाळेतनं आली की कानाला गोंडे लावते आणि मोबाईल पुढं धरून अभ्यास करते. कोणी हाक मारली तर तिला ऐकू येत नाही. तिच्या शाळेतले सर पण मोबाईलवर, शिकवणीचे सर पण मोबाईलवर, आणि हे काही समजलं नाही तर समजावणारा कुणी तिसरा पण मोबाईलवर. मी एकदा तिच्यापुढं बायकोचा मोबाईल धरला आणि म्हटलं, "बाळा, हे पान वाच बघू."

ती दोन शब्द वाचून अडली. मराठी तिचं मागं पडलंय. "आज्जा, वाचायला कशाला लागतंय? हे दाबलं की मोबाईलच वाचतोय." तिनं कुठंतरी दाबलं आणि मोबाईल एका बाईच्या आवाजात गोष्ट वाचायला लागला. न अडता, न थांबता, बाजार, शेळी, दोर, सगळं एका सुरात. मी म्हटलं बंद कर. तिला वाटलं मी रागावलो. मी रागावलो नव्हतो. तिला जे आधी शिकवायला घेतलं होतं ते तिची आज्जी शिकून गेली, आणि ती आवाजाची बाई आमच्या म्हातारीपेक्षा चांगलं वाचत होती. कुणावर रागावणार?

"मला एवढं दाखव," मी म्हटलं, "आवाज पाठवायचा कसा."

"द्या इकडं. काय पाठवायचंय? मी पाठवते."

"पाठवू नगं. दाखव."

"हे असं," म्हणून तिनं बोट फिरवलं, मला काही दिसायच्या आत फिरवलं, आणि परत गोंडे कानात. हल्लीची पोरं आपलं काम करून देतात, पटकन देतात, पण शिकवत नाहीत. त्यांना कुणी हळू शिकवलेलं नाही.

जेवताना पोरगा म्हणाला, "आप्पा, आईचा नंबर आता बंद करूया. दोन दोन मोबाईल कशाला तुमाला?"

मी म्हटलं, "मी उद्या गावाला जातो." सून म्हणाली, "मामा, चार दिवस तरी ऱ्हावा." मी सकाळी बस धरली.

त्यामागं एक कारण होतं, ते आता सांगतो. बायको गेली हे टीचरला कळलंच नव्हतं. गावातल्या कुणाला त्या ग्रुपचं ठाऊक नव्हतं, हसतील म्हणून तिनंच सांगितलं नव्हतं. तिकडं गुंजीकडं सगळ्यांच्या लेखी आज्जी होती. गावाला परत आल्यावर रोज संध्याकाळी मी मोबाईल घेऊन उंबऱ्यावर बसायचो. नवं पान यायचं. पोरांचे आवाज यायचे. आणि मधे टीचरचा आवाज यायचा, "आज्जी, आज वाचन आलं नाही." "आज्जी, बरं नाही का?" त्या घरात दिवसभरात मला दुसरं कोणी काही विचारत नव्हतं. आणि हे तर तिलाच विचारत होते, ती असल्यासारखं. मी खरं सांगितलं की टीचर हात जोडेल, वाईट वाटलं म्हणेल आणि नंबर काढून टाकेल. काढायलाच पाहिजे, पोरांच्या ग्रुपमध्ये मेलेल्या माणसाचा नंबर कशाला? मग संध्याकाळी ह्या उंबऱ्यावर मी आणि म्हैस.

पुढं म्हैस पण राहिली नाही. धार काढायला माझे हात चालत नाहीत, ती तिच्याच हाताची होती, मला पान्हा सोडायची नाही. शेजारच्या गावच्या माणसाला दिली. दावं सोडून तो घेऊन गेला तेव्हा मी आतच बसलो.

आणि पोरं काही शेळी विसरली नव्हती. टीचर नवी गोष्ट पाठवायची, त्यावर कोणतरी विचारायचं, "आज्जी, शेळीचं ऱ्हायलंय तुमचं!" एका संध्याकाळी टीचरचा आवाज आला, जरा मोठा होता. ती म्हणत होती, "आज्जी, पोरं म्हणतात तुम्ही रुसलात. त्या दिवशी आम्ही हसलो म्हणून का? तसं असलं तर मी माफी मागते. पण तुम्ही सोडू नका हो. इतकं आलात तुम्ही." आणि तिच्या मागोमाग एका पोरीचा आवाज, "आज्जी, रुसू नगासा. आमी आता हसणार न्हाई."

ते मला सहन झालं नाही. बायको रुसली असं त्यांनी समजावं? ती त्या दिवशी किती हसत होती ते मी बघितलं होतं. जन्मात कुणी तिला शाळेतनं पळून गेली म्हणू नये. ती पळून गेलेली नव्हती.

मी मोबाईल तोंडाजवळ धरला, माईकचं चित्र दाबलं आणि सोडलं. काहीच गेलं नाही. परत दाबलं. ह्या वेळी नुसती माझी ‘हं’ गेली. लगेच एक पोरगा ओरडला, "आज्जी आली! आज्जी, बटन दाबूनच धरा. बोलून झालं की मगच सोडा." मी दाबून धरलं आणि गप्प बसलो. काय बोलायचं सुचेना. ते गप्प बसणं पण गेलं. पोरगा म्हणाला, "आता बोला की आज्जी, रेकॉर्ड हुतंय!" त्या पोरानं मला तीनदा सांगितलं आणि एकदा पण कंटाळला नाही. टीचरकडनं शिकला असेल.

मग मी बोललो. "मी आज्जी न्हवं. मी तिचा मालक. आज्जी गेली."

मग त्याच पोराचा आवाज. "कुठं गेली?"

त्याच्या मागनं दुसरं कुणीतरी, "गावाला गेली व्हय? कवा येणार?"

मी मोबाईल मांडीवर ठेवला. पोरांचं काही चुकलं नाही. ‘गेली’ म्हटल्यावर लहान माणूस हेच विचारणार. परत उचलला, दाबून धरला, आणि म्हटलं, "मेली, बाळा. शेळीचं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी. रुसली न्हवती. लई हसली हुती. म्हणाली, ऱ्हायल्यालं उद्या वाचते."

त्यानंतर पोरांचे आवाज थांबले. मोठ्या माणसांनी मोबाईल हातातनं घेतले असणार. हात जोडलेली चित्रं यायला लागली, एकामागोमाग एक, समईची चित्रं, फुलांची चित्रं. सगळी सारखीच. मी कुणाला ओळखत नव्हतो आणि त्यांनी पण तिला कधी बघितलेलं नव्हतं.

मग टीचरचा फोन आला. रडत होती. मी म्हटलं, "पोरी, रडू नगं. तुझ्यामुळं तिला वाचाय यायला लागलं."

"मी बदली झाल्यावर एकदा तरी यायला पाहिजे होतं, आजोबा. रोज आवाज ऐकायचे, म्हणून भेटल्यासारखंच वाटायचं."

"आमाला बी तसंच वाटायचं."

मग तिनं विचारलं, मला भीती होती तेच. "नंबर ठेवू का काढू?"

मी गोठ्याकडं बघितलं. रिकामी दावण. म्हटलं, "तिचं अर्धं पान ऱ्हायलंय. तेवढं वाचून हुईपर्यंत ठेव."

"कोण वाचणार?"

"मी. दुसरं कोण हाय हितं?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी चष्मा पुसला, पान मोठं करून घेतलं. आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं वाचलं, मग परत. जोडाक्षर आलं की तळहात हुळहुळायचा. पण ह्या वेळी ओलांडून गेलो नाही, तिनं कधी ओलांडलं नव्हतं. पोरगी बाजारभर शेळी शोधते, कुणालाच दिसलेली नसते. दिवस मावळतो. मायलेकी रिकाम्या हातानं चालत घरी येतात, आणि बघतात तर शेळी त्यांच्या आधी येऊन दारात उभी. एवढीच गोष्ट. मी बटन दाबून धरलं आणि वाचलं. सगळं वाचून झाल्यावरच सोडलं.

पोरांचे आवाज आले. "गावली!" "शेळी गावली!" एकजण म्हणाला, "आज्जा, चहा घेतलासा का?" आणि लगेच मागनं कुणीतरी त्याला धपाटा घातल्याचा आवाज आला.

शेवटी टीचर बोलली. "आजोबा, छान वाचलंत. आवाज एकदम स्वच्छ आला. मागं कसलीच गडबड नाही."

अंधार पडायला लागला, चूल पेटवायची होती. मग मी वर सरकवत सरकवत मागं गेलो आणि तिचं वाचन लावलं. म्हैस ओरडली. कुकरनं शिट्टी दिली. ती बाजारापर्यंत आली, शेळी सुटली, आणि आतनं मी ओरडलो, अगं ए, चहाचं बघतीस का. ती खेकसली आणि बंद झालं.

त्याच्यामागनं माझं लावलं. माझा आवाज एकटाच होता. सगळं नीट ऐकू येत होतं.